तिकीट सगळ्यात शेवटी

पत्र : मी खानापूर तालुक्यातली, वय २७. शाळा मराठी माध्यमाची, मग बेळगावात डिप्लोमा, आता उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी. दोन वर्षांपूर्वी मशीन बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरशी ओळख झाली. तो तीनदा येऊन गेला, आमच्या घरी जेवला. लग्न करायचं ठरवलंय. तो म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर ये, इथं लग्न करू, मग राहशीलच. आई रडते : तिकडं काही झालं तर तुला बघायला कोण? बाबा बोलतच नाहीत. काका म्हणतात, परधर्माच्या माणसाशी कोर्टात लग्न केलंस की शेतातला हिस्सा गेला, त्याआधी हक्कसोडीवर सही कर. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

टुरिस्ट व्हिसाचा बेत आजच सोडून दे. तो व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस फिरण्यासाठी मिळतो. अर्जात 'फिरायला' लिहून मनात कायमचं राहणं असेल तर ती खोटी माहिती ठरते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ती आडवी येते. तिकडे लग्न लागलं तरी तेवढ्यावर राहता येत नाही. सहसा परत पाठवतात, आणि राहण्याचा व्हिसा इथूनच मागावा लागतो. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. ज्यांना स्वतःला कधी व्हिसा लागत नाही, त्यांना हे ठाऊकच नसतं.

माझं मत सरळ आहे : लग्न बेळगावात कर, नोंदणी पद्धतीनं, आईवडिलांच्या डोळ्यांदेखत, आणि तिकीट सगळ्यात शेवटी काढ. जर्मनीत जाऊन लग्न करायचाही कायदेशीर रस्ता आहे. पण त्यात तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून वेगळी सूट घ्यावी लागते, लग्नासाठीचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तू अजून कुणाची बायको नसताना परक्या गावात पोचतेस. आईची भीती त्याच काळाची आहे.

आता कागद. सगळ्यात आधी जन्माचा दाखला काढ आणि उजेडात धरून वाच. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते. 'स्त्री', आईचं नाव, बापाचं नाव, संपलं. तशी असेल तर गावच्या तलाठ्याकडे किंवा तहसीलदार कचेरीत नाव घालण्याचा अर्ज आधी दे, बाकी सगळं नंतर. नोंदच नसेल तर एक वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. नवी प्रत मागताना कन्नड आणि इंग्रजी दोन्ही असलेलीच माग. नुसता कन्नड दाखला जर्मनीत भाषांतरासाठी अडकतो, कारण कन्नडवरून जर्मन करून शिक्का मारणारे अधिकृत भाषांतरकार तिकडे फार थोडे.

मग दाखला, दहावीचं मार्क्सकार्ड, आधार आणि पासपोर्ट चारही शेजारी ठेव आणि एकेक अक्षर ताडून बघ. सीमाभागातल्या मुलामुलींची गोम इथंच असते. नाव मराठी शाळेत एका पद्धतीनं लिहिलं गेलं, बोर्डानं कन्नडवरून इंग्रजी केलं, आधारवाल्यानं ऐकून टाइप केलं. वडिलांच्या नावातल्या 'मारुती'चा शेवटचा स्वर एका कागदावर एका आयनं, दुसऱ्यावर दोन ईनं. पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी आणि सगळं नाव एकाच रकान्यात, असंही होतं. जन्मस्थळही बघ. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झालं, त्याआधीच्या इंग्रजी कागदांवर जुनं स्पेलिंग आहे. त्यानं कागद खोटा ठरत नाही. मात्र पासपोर्टात वेगळं असेल तर दोन ओळींचं स्पष्टीकरण सोबत जोड. नावातला फरक मात्र स्पष्टीकरणावर सोडू नकोस, दुरुस्तच करून घे.

हे झालं की कागदांच्या प्रती त्याला पाठव. त्याच्या गावच्या नागरी नोंदणी कार्यालयाकडून, म्हणजे श्टांडेसआम्टकडून, त्याला विवाहपात्रतेचा दाखला काढायचा आहे : हा माणूस अविवाहित आहे, अमुक मुलीशी लग्न करायला हरकत नाही. गंमत अशी की त्याचा हा दाखला द्यायला ते कार्यालय तुझेही कागद मागतं : जन्मदाखला, पासपोर्ट, तू अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. त्यानं नेमकी यादी लेखी आणावी, कारण गावागणिक मागण्या बदलतात. त्याचं आधी लग्न झालं होतं का, हेही त्याला याच वेळी सरळ विचार. झालं असेल तर घटस्फोटाचा अंतिम आदेश त्याच गठ्ठ्यात जातो.

इथं बरेच जण पैसे घालवतात. एजंट सांगतात, सगळ्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, मारून घ्या. भारत २००५ मध्ये त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला खरा, पण भारतीय कागदांवरचा तो शिक्का जर्मनी मानत नाही. त्याऐवजी जर्मन वकिलातीमार्फत कागदांची प्रत्यक्ष पडताळणी होते. त्यांनी नेमलेला वकील नोंदवही तपासतो, शाळेत विचारतो, कधी घरी-शेजारीही चौकशी करतो. याला काही महिने धर. घरच्यांना आधी सांगून ठेव. अनोळखी माणूस दारात येऊन 'मुलीचं आधी लग्न झालंय का' विचारतो तेव्हा आजी घाबरून भलतंच काही बोलून जाते, आणि तेच कागदावर येतं.

वकिलात म्हणजे बेंगळुरूची. कोल्हापूर-चंदगडच्या मैत्रिणी मुंबईला जातात म्हणून तूही तिकडची वेळ घेऊ नकोस. पत्ता कर्नाटकातला असेल तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायची.

त्याचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून तो हातात आल्यावर इथली नोटीस लगेच द्यायची. १९५४ चा विशेष विवाह कायदा सांगतो : दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस राहिलेलं असावं, आणि ती अट तुझ्या पत्त्यावर भागते. नोटीस सब-रजिस्ट्रार कचेरीच्या फळ्यावर ३० दिवस लागते. मग हरकत नसेल तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द, पुन्हा पहिल्यापासून. नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात, म्हणून त्याच्या रजेचा हिशेब आधी लाव आणि एकाच फेरीत भागेल का ते कचेरीत विचारून घे. फळ्यावरचं नाव गावातलं कुणीतरी वाचणारच. त्याआधी मामा-आत्यांना घरून कळलेलं बरं.

अक्षता घालायच्या तर खुशाल घाला, पण सही झाल्यावर. आधी देवळात लग्न लावून मग नोंदवायला गेलात तर दोन अडचणी. झालेलं लग्न या कायद्याखाली नोंदवायचं तर आधीचे ३० दिवस तुम्ही दोघंही जिल्ह्यात राहिलेले असावे लागता, शिवाय ३० दिवसांची नोटीस आहेच. आणि तू अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलेलं असताना आधीच्या तारखेचा लग्नाचा फोटो निघाला की पडताळणीत सगळंच संशयात येतं. 'त्याला हिंदू करून घेऊ, दोन दिवसांत सर्टिफिकेट देतो' असं सांगणारे भेटतील. हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात म्हणून ही पळवाट. मनापासून नसलेलं धर्मांतर कागदापुरतं करू नका.

जर्मन भाषा आजपासून सुरू कर, कारण कागद फिरतील तेव्हा तुझ्याकडे वेळच वेळ आहे. जर्मन नागरिकाच्या बायकोला व्हिसाआधी ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची जर्मनची परीक्षा लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, १०० पैकी ६० गुण. पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या मॅक्समुल्लर भवनात देता येते. नापास होणारे बहुधा ऐकण्यात आणि बोलण्यात अडकतात, कारण अभ्यास पुस्तकातूनच झालेला असतो. त्याच्याशी रोज फोनवर इंग्रजी बोलतेस ना? त्यातली वीस मिनिटं जर्मन कर : दर, वेळ, पत्ता, स्वतःच्या नावाचं स्पेलिंग. मात्र परीक्षा फार आधी देऊ नकोस, प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी वर्षाच्या आतलं असलेलं बरं.

आडनाव बदलायची घाई नको. व्हिसा पदरात पडेपर्यंत पासपोर्ट आहे तसाच राहू दे.

काकांचं. १९५४ च्या कायद्यातलं १९ वं कलम म्हणतं की अशा लग्नानं हिंदू माणूस एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं मानलं जातं. काकांनी बहुधा एवढंच ऐकलंय. विभक्त होणं म्हणजे हिस्सा बुडणं नव्हे. तो वेगळा धरला जातो. पुढचंच २० वं कलम वारसाहक्क राखतं, आणि २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिलाय. परदेशी राहून तुला नवी शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारसानं आलेली ठेवता येते. तेव्हा हक्कसोडीवर सही करू नकोस. 'लग्नाला परवानगी देतो, सही कर' असा सौदा घरात सुरू असेल तर तो बाबांसमोर उघड बोल. ते गप्प आहेत त्याचं कारण कदाचित जावई नसून भाऊ असेल.

आणि आईचा प्रश्न, जो सगळ्यात खरा आहे. 'तो चांगला आहे' हे तिला पुरणार नाही, तिला व्यवस्था दाखव. जर्मन नागरिकाची बायको म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर तुला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आणि ती नोंद तुझ्या स्वतःच्या नावाची असते. त्याचा सरकारी आरोग्य विमा असेल आणि तुला कमाई नसेल, तर त्याच विम्यात तू वेगळा हप्ता न भरता येतेस. पहिली तीन वर्षं मात्र जपायची. तिथं तीन वर्षं एकत्र संसार झाल्यानंतर वेगळं व्हायची वेळ आली तर तुझा राहण्याचा हक्क स्वतंत्र टिकतो. त्याआधी तो नवऱ्याशी बांधलेला असतो. मारहाणीसारख्या प्रसंगात कायदा सवलत देतो, पण त्यासाठी पुरावा लागतो. जर्मनीतली बायकांसाठीची मदतवाहिनी ११६०१६ फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि अनेक भाषांत बोलते. हा नंबर आईच्या वहीत तुझ्या हातानं लिहून ठेव.

पासपोर्ट नेहमी तुझ्याजवळ. परतीच्या तिकिटाचे पैसे तुझ्या बेळगावच्या खात्यात, ज्याला हात लावायचा नाही. आणि त्याला पुढच्या फेरीत आईशी एकटं बसू दे, तू दुभाषी म्हणून. तिनं विचारावं : पगार किती, घर कुणाचं, त्याच्या आईला हे लग्न मान्य आहे का, वर्षातून एकदा पाठवणार का. उत्तर तू गोड करून सांगू नकोस, जसंच्या तसं सांग.

तीन साक्षीदारांत एक सही आईची असावी. तिला विचारलंस का?