मिरची, हॉटेल आणि मधला सल्लागार

प्रश्न : गोव्यात काणकोणात आमचा वेळीप जमातीतल्या बायकांचा स्वयंसाहाय्य गट आहे. एका मोठ्या हॉटेलला खोला मिरची द्यायचं घाटतंय. जमातीतलाच एक सल्लागार मध्ये आहे. करारात काय बघावं?

उत्तर : आधी सल्लागाराचे पैसे कोण देतं ते विचारा. हॉटेल देत असेल तर तो हॉटेलचा माणूस, जमातीतला असला तरी. दोन्हीकडून घेणार असेल तर तेही कागदावर हवं.

हॉटेलची खरेदी बारा महिने सारखी चालते. खोला मिरची डोंगरउतारावर पावसाळी पीक म्हणून वर्षातून एकदाच होते. 'दरमहा 20 किलो' मान्य केलंत की तुटवड्यात बाहेरची मिरची मिसळायचा मोह होतो आणि खोला मिरचीला मिळालेलं भौगोलिक मानांकनच अडचणीत येतं. हंगामाचं एकूण वजन ठरवा, तेही सुक्या मालाचं. ओल्याच्या साधारण चौथाईच सुकी हाती लागते, त्यामुळे दर कशाचा यावरून हमखास वाजतं. देठ कडकन मोडेपर्यंत सुकवा, नाहीतर पोत्यात बुरशी धरते.

पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) बाजारात रोख मिळते, हॉटेल उधारीवर घेतं. गटाची उद्यम (केंद्र सरकारची लघुउद्योगांची) नोंदणी होते का ते विचारा, ती फुकट असते; पण नुसतं पीक घेणं किंवा नुसता व्यापार असेल तर तिचा इथे उपयोग नाही. गट मालावर प्रक्रिया करणारा म्हणून नोंदला गेला, तर लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. थोडी रक्कम आगाऊ मागाच.

आणि पाहुण्यांसमोर धालो (बायकांची पारंपरिक नाच-गाणी) खेळायचं कलम हळूच घुसवलं असेल तर खोडा. धालो पौषात मांडावर, म्हणजे गावच्या पवित्र जागेवर होतात, एप्रिलात स्विमिंग पूलपाशी नाही. मांडाचे फोटो जाहिरातीला हवे असतील तर गावच्या जाणत्यांची वेगळी लेखी परवानगी घ्यायला लावा.