गर्दी नको, तळं पाहिजे

प्रश्न: ताई, मी ४६ वर्षांची आहे, रोज सकाळी अंबाझरीला पाच किलोमीटर चालते. मागच्या वर्षी आम्ही दोघी जावा हिमाचलात त्रिउंडच्या ट्रेकला गेलो होतो, तिथं एवढी गर्दी की रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर आलो की काय असं वाटलं, आणि उतरताना गुडघ्यांनी जीव घेतला तो वेगळाच. यंदा ऑक्टोबरमध्ये करेरी तलावाला जाऊ म्हणून राहिलो, शांत आहे म्हणतात. जमेल ना?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर: जमेल की! पण अंबाझरीच्या भरवशावर नका जाऊ. नागपूर पडलं ३१० मीटरवर आणि सगळं सपाट, आपल्या गुडघ्यांना उतार म्हणजे काय तेच माहीत नसतं बाप्पा. चढताना दम लागतो तो दहा मिनिटं बसलं की जातो, उतरताना मात्र मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक मारत असतो आणि ही सवय सपाटीवर कितीही चाललात तरी लागत नाही. म्हणून आतापासून दोन महिने एक करा, लिफ्टनं वर जा आणि पायऱ्यांनी खाली या. हसू नका, उलटंच करायचंय! दर रविवारी रामटेकचा गड, पाठीवर चार-पाच किलोची बॅग, आणि उतरताना घाई नाही. गुडघा सुजत असेल तर मात्र आधी डॉक्टर. काठ्या दोन घ्या, उतारावर थोड्या लांब करायच्या.

बूट आत्ताच घ्या. मी एकदा निघायच्या दोन दिवस आधी बर्डीवरून अगदी मापाचे घेतले होते, उतरताना बोटं पुढं आपटून आपटून अंगठ्याचं नख काळं पडलं ते दिवाळीपर्यंत तसंच. पुढं बोटभर जागा पाहिजे.

करेरी हिमाचलच्या धौलाधार डोंगररांगेत, २९३४ मीटरवर, म्हणजे त्रिउंडपेक्षा थोडंसंच उंच. वाट न्युंड नाल्याच्या काठाकाठानं जाते, जंगल आहे, दगड आहेत, पाण्याचा आवाज सतत सोबत. ऑक्टोबर एकदम बरोबर निवडला. पावसाळ्यात त्या बाजूला आपल्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि डिसेंबरपासून तळ्यावर बर्फ. शनिवार-रविवार तेवढा टाळा, नाहीतर तिथंही तुम्हाला फुटाळाच भेटेल. मंगळवार-बुधवारी जा.

पहिली रात्र करेरी गावातच राहा, धर्मशाळेहून थेट वर धावू नका. तळ्याजवळ हवेचा दाब आपल्याकडच्यापेक्षा बराच कमी, डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचा हट्ट सोडायचा आणि खाली यायचं, एवढं साधं आहे. थंडी म्हणाल तर नुसत्या उंचीमुळंच नागपूरपेक्षा सतरा-एक अंश कमी धरा, रात्री आणखी.

दोघीच आहात तर गावातलाच वाटाड्या घ्या. वर मोबाईलची रेंज धरून चालू नका, कधी परतणार ते गावात जिथं राहाल तिथल्या घरमालकिणीला सांगून निघा. वाटेत गद्दी लोक मेंढरं घेऊन उतरताना भेटले तर डोंगराच्या अंगाला उभ्या राहा, दरीच्या बाजूला नाही. नाल्याचं पाणी उकळूनच प्यायचं, आणि एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं म्हणून तीन मिनिटं तरी खळखळू द्या. डाळ तर शिजता शिजत नाही, भात-खिचडीचा बेत असेल तर डाळ मुगाचीच न्या (तुरीच्या डाळीनं आमची एक रात्र वाया घालवली होती).

तळ्याजवळच्या टेकडीवर शंकराचं देऊळ आहे, तळ्यात साबण लावून हातपाय धुवू नका. आणि संत्री नेणारच तुम्ही, नागपूरच्या आहात, तर साली पिशवीत घालून परत आणा. तिथल्या थंडीत त्या महिनोन्महिने तशाच पडून राहतात, अन् कोणाच्या आहेत ते लगेच कळतं.