ब्रेडस्टिक मऊ पडतात, कारण ओल आतच राहिलेली असते

ओव्हनमधून काढताना कुरकुरीत असलेल्या काड्या संध्याकाळी मऊ पडतात आणि वरची शेंगाचटणी करपून कडू होते, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हीचं कारण एकच: आच मोठी, वेळ कमी.

मे महिन्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी की बाहेरची ओल लागायचा प्रश्नच नाही. ओल काडीच्या पोटातली असते. २२० अंशांवर बाहेरून पटकन रंग येतो, आपण ट्रे काढतो, मग आतलं पाणी हळूहळू कडेपर्यंत येतं. कडक भाकरी कशी भाजल्यावर पुन्हा मंद आचेवर वाळवतात, तसंच इथे करायचं. १८० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा, फिका सोनेरी रंग आला की आच १२० वर आणा आणि आणखी २० मिनिटं ठेवा. शेवटची पाच मिनिटं दार बोटभर उघडं राहू द्या, वाफ निघून जाते. गार झाल्यावर एक काडी मोडून बघा. वाकली किंवा मधे चिवट लागली, तर सगळ्या परत आत.

जाडीही बघा. ही इटलीतल्या तोरिनोची ग्रिसिनी. ती पेन्सिलएवढी बारीक असते. बोटाएवढ्या जाड काडीचा पावच होतो.

पिठासाठी माझं प्रमाण: २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, ३० मिली करडईचं तेल आणि साधारण १६० मिली पाणी. पाणी एकदम ओतू नका, पीठ घट्टसर हवं. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर उत्तमच, पण ज्वारी याहून वाढवू नका. तिच्यात ग्लुटेन नसतं, वळतानाच काड्या तुटतात. उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या, नाहीतर पीठ झपाट्याने फुगून आंबट होतं.

आता चटणी. ती वरून लावूच नका, लसूण आणि तिखट सर्वांत आधी जळतात. दोन मोठे चमचे चटणी पिठातच मळा, आणि तेल तेवढं कमी करा, कारण कुटलेल्या शेंगदाण्याला स्वतःचं तेल सुटतं. जाडसर कण राहिले तर तिथेच काडी तुटते, म्हणून चटणी आणखी बारीक कुटून घ्या. वरून पाण्याचा हात फिरवून तीळ किंवा कलौंजी लावा. ओवा मात्र तळहातावर चुरडून पिठात घाला, त्याशिवाय वास येत नाही.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. पावसाळ्यात सादळल्या तर १२० अंशांवर दहा मिनिटं पुरतात.