वजन 64 किलो, तरी मेटाबॉलिक सिंड्रोम कसा?

प्रश्न: वय 38, पुरुष, उंची 170 सेंमी, वजन 64 किलो. ट्रायग्लिसराइड 190, एचडीएल 36, उपाशीपोटी साखर 104. डॉक्टर म्हणतात मेटाबॉलिक सिंड्रोम. तेल-तूप बंद केलंय, आणखी काय करू?

उत्तर: काटछाट तेलात केलीत, पण हे आकडे तेलापेक्षा भात, साखर आणि पोटाच्या घेराकडे बोट दाखवतात.

आधी निकष. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारे बिघाड एकत्र येणं. पाचपैकी तीन जुळले की हे निदान होतं: कंबर पुरुषांत 90 सेंमी, बायकांत 80 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150 किंवा वर, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत 40च्या, बायकांत 50च्या खाली, बीपी 130/85 किंवा वर (दोन्हींपैकी एक आकडा वर असला तरी पुरे), उपाशीपोटी साखर 100 किंवा वर. तुमचे तीन इथेच भरले. कंबर मोजलीच नसेल. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपड्याशिवाय, सहज श्वास सोडून टेप धरा.

वजनावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचा 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तुमचा बीएमआय 22.1 आहे.

पोटात आणि यकृतात चरबी साठली की यकृत इन्सुलिनला दाद देत नाही. रात्रभर साखर सोडत राहतं, म्हणून सकाळी 104. वर जादा पिठूळ आणि गोड खाणं आलं की त्याचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, आणि ते वाढलं की एचडीएल उतरतं. तेल तोडून तीच भूक दोन जादा पोळ्यांनी भागवली तर ट्रायग्लिसराइड उलट चढतं. हे फार जणांचं होतं.

म्हणून तेल माणशी महिना अर्धा लिटर राहू द्या आणि ताट बदला. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर (बटाटा भाजीत धरू नका), पाव ताटात उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे, उरलेल्या पावात पोळी-भाकरी नाहीतर भात, दोन्ही नकोत. नाचणी-ज्वारीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर तीही पीठच. उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. दिवसात चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम साखर तिथेच गेली. फळांचा रस बंद, फळ चावून खा. दारू घेत असाल तर ट्रायग्लिसराइडसाठी पहिला वार तिथे करा.

जेवण झाल्यावर लगेच 10-15 मिनिटं चाला. स्नायू त्या वेळी इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता साखर ओढतात. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं हवंच, पण तुमच्यासारख्या सडपातळ माणसाला त्याहून जास्त गरज स्नायूंची: दोन-तीन दिवस बैठका, जोर, वजनं. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलंत तर स्नायूही झडतात, आणि साखर साठवायची जागाच कमी होते. घोरत असाल, दिवसा पेंगत असाल तर झोपेची तपासणी करून घ्या.

बीपी पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर टेकवून मोजा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा वर दिसतो. एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा, थायरॉइड मंदावल्यानंही ट्रायग्लिसराइड चढतं. ट्रायग्लिसराइड 500च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांकडे जायला थांबू नका. उपाशीपोटी साखर दोनदा 126 किंवा वर आली तर तो मधुमेह, मग बेत डॉक्टरांबरोबर ठरवा.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, 10-12 तास उपाशी राहून, आणि आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा पार्टी नसेल असा दिवस निवडा. ट्रायग्लिसराइड आधी उतरतं. एचडीएल हलायला वेळ लागतो, ते तिथेच दिसलं म्हणून ताट पुन्हा जुनं करू नका.