कमरेपर्यंत लांब केसांची टोकं घरच्या घरी स्वतः कशी कापायची?

तुमचे केस कमरेपर्यंत आहेत, खालच्या टोकांना फाटे फुटलेत, आणि पार्लरमध्ये "फक्त दोन इंच" असं बजावूनही दर वेळी चार इंच जातात. म्हणून घरीच कापायचे आहेत, पण मागचं दिसत नाही आणि तिरके कापले जातील अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. घरी नक्की कापता येतात. मी गेली कित्येक वर्षं माझे आणि माझ्या लेकीचे केस घरीच कापते. लांब केस राखणाऱ्या प्रत्येकीला हे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या चार इंचांबद्दल. पार्लरवाली मुद्दाम जास्त कापते असं सहसा नसतं. लांब केस पाठीवर मोकळे सोडून मागून फोटो काढून बघा. मधले केस सगळ्यात खाली आलेले असतात आणि कडेचे आखूड असतात, म्हणजे यू किंवा व्ही आकार. तुम्ही "सरळ करा" म्हणालात की तो मधला सगळा उतार जातो. कडेला दोन इंच घेतले तर मध्ये चार-पाच जाणारच. त्यात केस ओले करून, कंगव्याने ताणून कापतात. ओला केस चांगलाच ताणला जातो आणि वाळला की वर चढतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास. चार इंच गेले म्हणजे आठ महिन्यांची वाढ एका बैठकीत गेली. म्हणून घरी कापताना आहे तो आकार राखा आणि फक्त खराब टोक काढा. आकार बदलायचा असेल तर तो दोन-तीन वेळच्या कापण्यात हळूहळू बदला.

दुसरी गोष्ट समजली की भीती निम्मी होते. केस कापताना तुम्ही ते कुठे गोळा करून धरता, त्यावर आकार ठरतो. जो केस मुळापासून रबरापर्यंत जास्त अंतर चालून येतो, तो सोडल्यावर लांब राहतो. मधला भांग पाडून केसांचे दोन भाग केले, ते खांद्यावरून पुढे घेऊन छातीवर दोन जुड्या बांधल्या आणि सरळ कापलं, तर मागच्या मधल्या केसांना मानेला वळसा घालून पुढे यावं लागलेलं असतं. म्हणून मागे टाकल्यावर तेच खाली येतात आणि व्ही तयार होतो. त्याच दोन जुड्या कानांच्या मागे, मानेच्या दोन बाजूंना बांधल्या तर व्ही उथळ होऊन यू होतो. मानेवर मधोमध एकच पोनी बांधून कापलं तर मागून जवळपास सरळ दिसतं आणि कानाजवळचे केस पुढे घेतल्यावर थोडे लांब वाटतात. डोक्यावर अगदी वर, कपाळापाशी पोनी बांधून टोक कापलं तर लेयर्स पडतात, कारण मानेच्या केसांना सगळ्यात लांबून वर यावं लागतं. व्हिडिओत ही शेवटची पद्धत फार दाखवतात. तुम्हाला लेयर्स नको असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका. वरचे केस एकदा आखूड झाले की वेणीतून बाहेर डोकावत राहतात आणि शेपटा खाली बारीक होतो. ते भरून यायला दोन-तीन वर्षं लागतात.

कात्रीवर मात्र काटकसर करू नका. दुधाची पिशवी कापायची किंवा शिवणाच्या डब्यातली कात्री केसांना लावू नये. बोथट पात्यात केस कापला जाण्याआधी चेपला जातो, वरचं खवल्यांचं आवरण तिथे चिरडतं आणि महिन्याभरात तिथूनच नवा फाटा फुटतो. सलूनचं सामान मिळतं त्या दुकानात साडेपाच-सहा इंची केसांची कात्री काही शे रुपयांत मिळते. गळलेला एक केस दोन बोटांत ताणून धरा आणि कापून बघा. केस पात्यांमध्ये दुमडला किंवा घसरला तर ती कात्री नको. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की हिने कागदसुद्धा कापायचा नाही.

आता प्रत्यक्ष कापणं. केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत, तेल नसावं आणि सकाळपासून वेणी किंवा अंबाडा घातलेला नसावा, कारण वळण बसलेले केस कंगव्याखाली सारखे पडत नाहीत. पूर्ण कोरडेच कापा. सरळ केस फारच उडत असतील तर पाण्याचा हलका हात फिरवा, बस. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर जात गुंता काढा, मग बारीक दातांचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला पाहिजे. एरवी भांग तिरका पाडत असाल तरी आज मधोमध पाडा, आणि तो डोक्यावरून थेट मानेपर्यंत न्या. मागचा भांग आरशात दिसत नाही, तो दुसऱ्या कोणाकडून बघून घ्या किंवा फोनवर फोटो काढून तपासा. इथे एक बोटभर चूक झाली तर एका जुडीत जास्त केस येतात आणि मग दोन्ही बाजू कधीच जुळत नाहीत.

अंगात आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट घाला. मोजपट्टीपेक्षा हा फार उपयोगी पडतो, दोन्ही जुड्या कुठल्या पट्टीपर्यंत आल्या ते आरशात लगेच दिसतं. जुड्या पुढे घेतल्यावर गळ्याच्या हाडापाशी एकेक कापडी रबर लावा. त्याखाली दर तीन-चार इंचांवर आणखी एक. प्रत्येक रबर लावण्याआधी तेवढा भाग विंचरायचा, आणि जुडीला पीळ पडू द्यायचा नाही. पीळ पडला की केस गोल फिरत खाली येतात आणि कापलेली कड जिन्यासारखी होते. शेवटचा रबर हळूहळू खाली सरकवत जिथे कापायचं आहे त्याच्या जरा वर आणून थांबवा. मग सरळ उभ्या राहा, हनुवटी समांतर ठेवा, हात खाली सोडा आणि दोन्ही शेवटचे रबर एकाच पट्टीवर आहेत का ते बघा. जुडीकडे बघायला मान वाकवली की ती बाजू खाली-वर होते, म्हणून बघायचं ते आरशातच.

कापताना एका फटक्यात जुडी कापू नका. दाट जुडी पात्यातून पुढे सरकत जाते आणि शेवटचे केस तिरके कापले जातात. रबराखाली बोटांनी जुडी चपटी करा आणि एका कडेकडून दुसऱ्या कडेला छोटे छोटे काप देत जा. पहिल्या वेळी ठरवलेल्याच्या निम्मंच कापा. दोन्ही बाजू झाल्या की कात्री उभी धरून, टोकं वरच्या दिशेने ठेवून, कडेत अर्धा सेंटिमीटर आत हलके काप द्या. त्याने कड मऊ होते आणि बारीकसा फरक राहिला असेल तर तो दिसेनासा होतो. मग सगळे रबर काढा, केस पाठीवर टाका, विंचरा, मागून फोटो काढा. एक बाजू थोडी लांब वाटली तर त्याच दिवशी दुरुस्त करत बसू नका. एकदा धुऊन वाळल्यावर केस आपापल्या जागी पडतात, तेव्हा बघा. दुरुस्तीवर दुरुस्ती करतानाच इंच जातात.

अगदी सरळ कड हवी असेल तर ती एकटीने होत नाही, तिथे बहीण, नवरा, मैत्रीण कोणीतरी हवं. तुम्ही उभं राहायचं (कमरेपर्यंतच्या केसांना खुर्ची आड येते), मान किंचित पुढे झुकवायची, आणि त्यांनी केस पाठीवर सपाट विंचरून आधी मध्यभागी कापायचं, मग त्या खुणेला धरून डावीकडे आणि उजवीकडे.

बऱ्याच घरांत जुन्या बायका वेणी घालून फक्त तिचं टोक कापायच्या. ते चुकीचं नाही. वेणीत सगळ्यात लांब केसच शेवटपर्यंत पोचतात, त्यामुळे अगदी थोडंच कापलं जातं. केस कायम वेणीतच असतील तर तेवढं पुरतं. मोकळे सोडणार असाल तर मात्र कड वेडीवाकडी दिसेल.

पण मला सगळ्यात आवडतं ते लांबी न घालवता एकेक फाटा वेचणं. सकाळच्या उन्हात खिडकीपाशी बसायचं, मांडीवर पांढरा पंचा पसरायचा आणि त्यावर एकेक बट ठेवून टोकं बघायची. काळे केस पांढऱ्यावर स्पष्ट दिसतात. कुठे टोकाचे दोन धागे झालेले असतात, कुठे पिसासारखे तीन-चार, आणि कुठे टोकाच्या जरा वर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे तिथे केस आतून पिंजलाय आणि लवकरच तुटणार. अशा ठिकाणी फाट्याच्या किंवा ठिपक्याच्या अर्धा सेंटिमीटर वर कापा, कारण दिसते त्यापेक्षा चीर वरपर्यंत गेलेली असते. बट पिळली की मधूनमधून बारीक टोकं बाहेर येतात आणि ती सरसकट कापायला व्हिडिओत सांगतात. तसं करू नका. त्यातली बरीच नव्या उगवणाऱ्या केसांची असतात. कधीच न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं, सुईसारखं असतं. ते निरोगी आहे, त्याला हात लावू नका.

कापल्याने केस लवकर वाढतात का, हे लोक विचारतातच. नाही वाढत. वाढ मुळाशी होते, आणि बाहेरच्या केसात जीव नसल्यामुळे टोकाला काय झालं ते मुळाला कळत नाही. फाटा जोडणारंही काही नसतं. सिरम लावल्याने तो धुवेपर्यंत चिकटून राहतो, इतकंच. पण फाटा वेळेवर काढला नाही तर तो वर चढतो आणि केस तुटतो, त्यामुळे मुळाशी वाढ होऊनही लांबी तिथेच अडकते. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. इतकी वर्षं ऊन, धुणं, कंगवा सगळं त्याने सोसलेलं असतं. शेपटा खाली थोडा बारीक होणं म्हणूनच स्वाभाविक आहे, सगळे केस एका वयाचे नसतात. त्यासाठी सहा इंच कापून टाकू नका. मी दर तीन-चार महिन्यांनी दीडेक सेंटिमीटर घेते आणि मधल्या काळात फाटे वेचते. तेवढ्या दिवसांत वाढ त्याच्या दुपटीहून जास्त होते.

फाटे कमी फुटावेत म्हणून न्हाण्याआधी खोबरेल तेल लावा. हे केवळ आजीचं म्हणणं नाही. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली मुंबईत खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातली प्रथिनं झिजणं फक्त खोबरेलाने कमी झालं. ते काम खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलंच होतं हेही सांगायला हवं, पण खोबरेल केसाच्या आत शिरतं हे पुढेही दिसून आलंय. आणि न्हाल्यावर पंचाने केसांना फटके मारून वाळवायची सवय असेल तर ती आजच सोडा. ओला केस सगळ्यात नाजूक असतो. जुना मऊ पंचा गुंडाळून पाणी टिपलं की पुरे.

मंगळवार, शनिवार, अमावास्येला कापू नये असं घरात मानत असतील तर जरूर पाळा, केसांना कुठलाही वार चालतो. दिवेलागणीनंतर कापायचं नाही हे मात्र मी कटाक्षाने पाळते, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात टोकं नीट दिसत नाहीत.

तुमचे केस सरळ आहेत की कुरळे, ते प्रश्नात नाही. कुरळे असतील तर वरची जुड्यांची पद्धत वापरू नका. ताणून बांधलेला कुरळा केस सोडल्यावर किती वर चढेल याचा अंदाज येत नाही आणि प्रत्येक बट वेगळी चढते. ते पूर्ण कोरडे, न विंचरता, जसे पडतात तसेच ठेवून एकेक कुरळ बोटात धरून टोकाला कापा. आणि केस आधीपासून लेयर्समध्ये कापलेले असतील आणि तेच राखायचे असतील, तर एखादी समजूतदार केस कापणारी शोधा. तिला इंचात सांगण्याऐवजी स्वतःच्या केसावर बोट ठेवून दाखवा की इथपर्यंतच, आणि "सरळ करू नका, आहे तो आकार ठेवा" हे वाक्य कात्री हातात घेण्याआधीच सांगा.