सागाखालचे गवत मारू नका, नाल्यात जेसीबी घालू नका

सातपुड्याच्या पायथ्याला साग-बांबू लावणाऱ्या शेतकऱ्यांचे या पावसाळ्यात बरेच प्रश्न आले. त्यातल्या तिघांना इथे उत्तर देतो. तिघांचे दुखणे एकच आहे : जमीन उघडी पडते आणि माती नाल्याला लागते.

प्रश्न (चोपडा तालुका) : उताराच्या बरड जमिनीवर दोन एकर साग, चार वर्षांचा. गवत फार माजले आहे. दुकानदार म्हणतो, ग्लायफोसेट हे तणनाशक पंपाला दीडशे मिली घ्या, वर मूठभर मीठ टाका. मारू का?

मारू नका. २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकामार्फतच वापरता येते. दुकानदार हे सांगणार नाही, कारण त्याला डबा खपवायचा आहे. "पंपाला इतके" हे मापच चुकीचे आहे. मात्रा क्षेत्रावर ठरते, पंपावर नाही. मिठाने तर जमीनच बिघडते.

आता खरे कारण पाहा. सागाचे पान मोठे. त्यावर पाणी साचून जाड थेंब होतो आणि तो उंचावरून पडतो. खाली गवत-पाला असला तर थेंब त्यावर फुटतो, नसला तर माती उडवतो. ज्यांनी सागाखाली झाडून साफ केले आहे, त्यांनी पाऊस उघडल्यावर खाली वाकून बघावे. प्रत्येक खडा मातीच्या छोट्या खांबावर उभा दिसेल. खड्याखालची माती वाचली, भोवतालची गेली. जितका खांब उंच, तितका थर वाहून गेला. साग लावला म्हणजे धूप थांबली, असे समजू नका. माती धरते ते गवत आणि पाला.

रोपाभोवती हातभर आळे खुरपा. बाकीचे गवत विळ्याने कापा आणि तिथेच पसरा. पाला जाळू नका. मोहाची फुले वेचायला पेटवलेल्या पाल्याची आग सागात शिरते, म्हणून थंडी सरताच बांधाच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी साफ पट्टी काढा, तेवढीच जागा साफ ठेवा.

चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात पायथ्याला गोटे-वाळूची जमीन आहे. तिथे मुरलेले पाणी खालच्या केळीच्या विहिरींना मिळते. वर जे माराल ते खाली कुणाच्या तरी विहिरीत उतरेल. उधईसाठी (वाळवीसाठी) फोरेट या कीटकनाशकाची पुडी कुणी हातात दिली तर परत करा, त्यावर बंदी आहे. युरियाही पेरणीसारखा फेकू नका. आळ्यात, बुंध्यापासून वीतभर लांब, ओल असताना द्या आणि मातीआड करा. आभाळ भरून आले असेल त्या दिवशी अजिबात नको.

प्रश्न (शिरपूर तालुका) : पुढच्या वर्षी बांबू लावायचा आहे. जेसीबीवाला म्हणतो, उताराला सरळ ओळी काढू, सोबत नाल्याचा काठ साफ करून नाला खोल करून देतो.

उताराला सरळ ओळ म्हणजे पाण्याला रस्ता करून देणे. दोन पावसांत तिची घळ होईल.

चर उताराला आडवे, समपातळीवरच काढा, तेही मार्च ते मे दरम्यान. साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल. निघालेली माती खालच्या अंगाला, चराच्या काठापासून वीतभर सोडून टाका. रोप चरात लावू नका, खालच्या अंगाला लावा. समपातळी नजरेने काढू नका, नजर हमखास फसते. ए-फ्रेम करा : दोन सारखे बांबू वर बांधा, मध्ये आडवी काठी, शेंड्याला दोरी आणि दगड. सपाट जागी उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा, मग दोन्ही पाय अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन्हींचा मध्य ही तुमची पातळी. मग पाय फिरवत चला आणि चुना टाका.

नाल्याच्या काठाला हात लावू नका. छोट्या ओहळाला दोन्ही बाजूंनी निदान तीस फूट, अनेर-सुकीसारख्या नदीला पन्नास फूट आणि उतार जास्त असेल तर त्याहून अधिक पट्टा सोडा. तिथे खुरपणी नाही, फवारणी नाही, कुळवाची पाळी नाही. मोकळी जागा असेल तिथे पाऊस लागताच मारवेल गवताचे ठोंब लावा. वरून आलेला गाळ हा पट्टा अडवतो. तो गाळ नाल्याच्या वाळूत गेला की वाळूतली छिद्रे बुजतात आणि पाणी मुरायचे थांबते. जागा वाया जाते म्हणाल, तर तिथला चारा तुमचाच आहे.

रोजगार हमी योजनेतून (रोहयो) लागवड आणि चर होतात, पण जेसीबीने केलेले काम त्यात बसत नाही. आधी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव घाला. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, जॉबकार्ड सोबत आणा.

प्रश्न (यावल तालुका) : बांधावरचा साग विकायचा आहे. व्यापारी आत्ताच, श्रावणात तोडू म्हणतो.

आत्ता नाही. साग, खैर, अंजन ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली झाडे आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी आधी परवानगी घ्या. व्यापाऱ्याला घाई असते, कारण पावसात भाव पाडता येतो. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घातला की चाकोऱ्या पडतात आणि पुढचा पाऊस त्यांतूनच धावतो. जमीन वाळल्यावर तोडा. ओंडके नाल्यातून ओढू देऊ नका, फांद्या नाल्यात टाकू देऊ नका. वाट उताराला तिरकी ठेवा आणि काम संपले की तिच्यावर ठिकठिकाणी मातीचे आडवे उंचवटे घालून पाणी गवतात काढून द्या. हे सगळे सौद्याच्या चिठ्ठीतच लिहून घ्या.

बुंधे मात्र उपटू नका. सागाला धुमारे फुटतात. त्यातला जोमदार एक ठेवा, बाकीचे काढा. मूळ जागेवर राहते आणि बांध ढासळत नाही.