बी.लिब. करून जन्मभर ग्रंथपालाची नोकरी करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही हिंगोलीचे, बी.ए. झालात. पुढची तीसेक वर्षं या कामात काढावीत का असं विचारताय, आणि घरचे म्हणतात, "पुस्तकांची राखणच करायची तर शिकायचं कशाला?" ते राखणीचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी याच वाक्याशी भांडण्यात गेली.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रुजू झालो तेव्हा सगळी कपाटं कुलपात होती. मुलांनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं आणि शिपायानं सवडीनं काढून आणायचं. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या लेकराला पुस्तकाचं नाव कुठून ठाऊक असणार? त्याला कपाटासमोर उभं राहता आलं पाहिजे, चार पुस्तकं चाळून परत ठेवता आली पाहिजेत. मी कुलपं काढली. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात 630 म्हणजे शेती. तो रॅक दाराजवळ आणला, कारण निम्म्या पोरांच्या घरी कापूस नाहीतर सोयाबीन. माती परीक्षणाच्या एका साध्या पुस्तकाचं तारखांचं पान शिक्क्यांनी भरलं, त्यावर दुसरं चिकटवलं, तेही भरलं. त्याआधी ते पुस्तक कपाटात कोरं पडून होतं.

पुढं साठा पडताळणी झाली आणि पुस्तकं कमी भरली. गेली ती स्पर्धा परीक्षांची, व्याकरणाची, शेतीची. विश्वकोशाचा एकही खंड हलला नव्हता. तेव्हाच्या प्राचार्यांनी सरळ माझ्या पगारातून वसुली काढली. बैठकीत म्हणाले, "कुलूप असताना एक तरी पुस्तक गेलं होतं का?"

मी देवघेवीची रजिस्टरं घेऊन गेलो. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलंय: वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच गहाळ झाली तर ते वाजवी धरावं, मात्र त्यामागं अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. 2017 च्या नियमांत हा 215 वा नियम आहे, 2005 च्या नियमांतही तो होता. आमचा आकडा त्याच्या आत बसत होता. "हा केंद्राचा नियम, आपल्याला लागू नाही," असं उत्तर मिळालं. लागू नसेल, पण देशाच्या तिजोरीची काळजी वाहणाऱ्यांना जे कळलं ते तालुक्याच्या कॉलेजला कळायला काय हरकत होती? भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे. तेही मी त्या बैठकीत वाचून दाखवलं. वसुली थांबली, पण कुलपं परत लागली. ती पुन्हा निघाली प्राचार्य बदलल्यावर, आणि मधल्या काळातल्या पोरांचं जे नुकसान झालं त्याची वसुली कुणीच कुणाकडून केली नाही.

आमच्या भागातले एक ग्रंथपाल निवृत्तीच्या सत्कारात छातीठोकपणे म्हणाले, "माझ्या नोकरीत एकही पुस्तक गेलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं ग्रंथालय मी पाहिलेलं आहे. पुस्तकांना कसर लागली होती आणि पानं एकमेकांना चिकटली होती. अशा नोकरीला मी ग्रंथपालाची नोकरी म्हणत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, जन्म घालवण्यासारखं काम आहे. रंगनाथन स्वतः गणित शिकवायचं सोडून 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा सुरुवातीला त्यांनाही परत वर्गात जावंसं वाटत होतं. गूगलमुळं हे काम संपेल असं म्हणणाऱ्यांनी परीक्षेच्या महिन्यात एखाद्या अभ्यासिकेत जागा मिळवून दाखवावी.

आता पोटाचंही बघा. नुसत्या बी.लिब.वर कॉलेजात लागत नाही, एम.लिब. आणि नेट किंवा सेट लागते, आणि अनुदानित जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. सार्वजनिक वाचनालयांना महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं अनुदान मिळतं. 'ड' वर्गातल्या पगारावर घर चालत नाही, तिथं जोडीला दुसरं काम असेल तरच जा. कोहा ही ग्रंथालयाचं काम संगणकावर करायची प्रणाली शिकून घ्या. ती फुकट आहे आणि घरच्या कॉम्प्युटरवरही बसवता येते.

आणि कुठंही रुजू झालात तर पडताळणी झाल्याशिवाय चार्जच्या कागदावर सही करू नका. आधीच्या माणसाच्या काळातली तूट तुमच्या नावावर चढते, आणि मग ती भरून काढायच्या धाकानं तुम्हीही कुलूप शोधायला लागता. तूट किती, कोणत्या वर्षांतली, हे दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या वहीत, लाल शाईनं लिहून घ्या, त्याखाली प्राचार्यांची सही घ्या आणि त्या पानाची झेरॉक्स घरी ठेवा.